रेस देण्याआधीची पाच मिनिटं: वाहन तपासणी केंद्रांना खुलं पत्र

प्रति,
वाहन तपासणी केंद्रांचे चालक, तिथे रोज गाड्या तपासणारे तंत्रज्ञ आणि या केंद्रांना परवाने देणारे अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

माझ्या गाडीचं इंजिन तुमच्यापैकी एका केंद्रात, धूर तपासणी चालू असताना बंद पडलं आणि पुन्हा चालू झालं नाही. ते तुमच्यामुळेच बिघडलं, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. तुमच्यामुळे बिघडलं नाही, असं तुम्हालाही म्हणता येत नाही. चाचणीआधी इंजिन कसं होतं आणि चाचणीत त्याच्याकडून नेमकं काय करून घेतलं, याची एका ओळीचीही नोंद कुणाकडे नाही. हे पत्र त्या नोंदीसाठी आहे. केंद्राचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथे जे घडलं ते दुसऱ्या कुठल्याही केंद्रात तसंच घडू शकलं असतं, आणि एका केंद्राला धारेवर धरून बाकीच्यांना सुटल्यासारखं वाटावं अशी माझी इच्छा नाही.

गाडी डिझेलची, चार सिलिंडरची. बाबांनी घेतलेली. आता त्यांना चालवणं झेपत नाही म्हणून ती माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर ग्लोव्ह बॉक्समधली त्यांची वहीही आली. शंभर पानी, कोपरे दुमडलेली. ऑइल कधी बदललं, किती किलोमीटरला बदललं, कोणत्या ग्रेडचं टाकलं, टायर कधी फिरवले, सगळं पहिल्या दिवसापासून तिच्यात आहे. एका पानावर लाल शाईत लिहिलंय: ‘टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, तिन्ही नवे, ६१,२०० किमी.’ शेजारी तारीख. टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनमधले व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला-मिटायला लावणारा दातेरी रबरी पट्टा, आणि टेन्शनर तो ताणून धरतो. तपासणीच्या दिवशी ओडोमीटर १,०४,००० च्या थोडा पुढे होता आणि त्या तारखेला सहा वर्षं उलटून चार महिने झाले होते. म्हणजे किलोमीटरच्या हिशेबाने बेल्टची मुदत शिल्लक होती, वर्षांच्या हिशेबाने मात्र तो काठावर आला होता. हे मी लपवत नाही. कुणी विचारलं असतं तर तिथेच वही उघडून दाखवली असती.

कुणी विचारलं नाही. मी गाडी घेऊन पोचले तेव्हा इंजिन चांगलं गरम होतं, पण रांगेत जवळपास तासभर ते बंद होतं. नंबर आला तेव्हा किल्ली घेतली गेली आणि मला काचेपलीकडे उभं राहायला सांगितलं. बॉनेट उघडलं नाही. सायलेन्सरमध्ये धूरमापकाची नळी घातली गेली, तंत्रज्ञ आत बसला आणि त्याने लगेच रेस द्यायला सुरुवात केली. पहिल्याच वेळी पूर्ण दाबून. मी मोजत होते. सुरुवातीची एखादी हुकली असेल, पण माझ्या मोजणीत आठवी रेस चालू असताना वर चढत गेलेला आवाज मध्येच कापल्यासारखा तुटला. एकच कोरडा ‘ठक्’, आणि शांतता.

मग त्याने सेल मारला. एरवी सेल मारला की डिझेल इंजिन जड जड फिरतं, प्रत्येक सिलिंडरच्या कॉम्प्रेशनचा ठोका अंगाला जाणवतो. त्या वेळी ते शिवणयंत्रासारखं हलकं, सरसर फिरलं. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. रोज इंजिनं हाताळणाऱ्याला तो कळायला हवा होता: व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, फिरत नाही, व्हॉल्व्ह जागच्या जागी आहेत, बेल्ट गेला आहे. त्याने पुन्हा सेल मारला. मग तिसऱ्यांदा, बराच वेळ. या गोष्टीचा मला अजूनही सगळ्यात जास्त त्रास होतो. बेल्ट गेल्यावर क्रँक, म्हणजे पिस्टनना जोडलेला मुख्य दांडा, जितक्या वेळा फिरवाल तितक्या वेळा पिस्टन वर येतो आणि अर्धवट उघड्या व्हॉल्व्हवर आदळू शकतो. पहिला फटका इंजिनला कुणामुळे बसला हे माहीत नाही, पण त्यानंतरचे टाळता आले असते.

माझ्या हातात जी पावती आली तिच्यावर एवढंच छापलं होतं: ‘चाचणी अपूर्ण. वाहनातील बिघाड.’ केंद्राचे व्यवस्थापक सौजन्याने बोलले, आवाज चढवला नाही. “मॅडम, बेल्ट जुना झाला असणार. आम्ही नियमाप्रमाणेच रेस दिली.” दोन्ही वाक्यं खरी असू शकतात. किती रेस दिल्या, इंजिन किती आरपीएमपर्यंत (मिनिटाला किती फेऱ्यांपर्यंत) गेलं, त्या वेळी ऑइलचं तापमान किती होतं, असं मी विचारलं. चाचणी पूर्ण झाली नाही म्हणून मशीनने काहीच साठवलं नाही, असं उत्तर मिळालं.

गाडी टो करून गॅरेजमध्ये नेली. कव्हर काढलं तेव्हा बेल्ट तुटलेला नव्हता. सलग चौदा दात मात्र मुळापासून सोलून निघाले होते आणि तेवढी पट्टी हाताला गुळगुळीत लागत होती. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवल्यावर कळलं की सोळापैकी अकरा व्हॉल्व्ह वाकले आहेत, व्हॉल्व्ह दाबणारे दोन रॉकर मोडले आहेत, आणि चारही पिस्टनच्या माथ्यावर नखाने ओरखडावं तशी अर्धचंद्राकृती खूण आहे. मी ती खूण बोटाने चाचपून पाहिली. खोल नव्हती. पिस्टन वाचले.

दोन जाणत्या मेकॅनिकना मी तो बेल्ट दाखवला. एक म्हणाला, रबर कडक झालंय, दातांच्या मुळाशी बारीक चिरा आहेत, पुढच्या एखाद्या चढावर गेलाच असता. दुसऱ्याने बेल्ट उलटसुलट वाकवून पाहिला आणि सांगितलं, चिरा आहेत, पण असे बेल्ट आणखी वीस हजार किलोमीटर चाललेले मी पाहिलेत. थंड इंजिनला एकामागून एक पूर्ण रेस दिल्यावर दात सोलले गेले तर त्यात नवल नाही. दोघांनीही मनापासून सांगितलं. दोघांपैकी कोण बरोबर हे बेल्टकडे पाहून ठरत नाही.

बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “कितव्या रेसला गेला? किती आरपीएमला?” मला उत्तर देता आलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक ऑइल चेंज किलोमीटरसकट लिहून ठेवला, त्याच्या गाडीची सगळ्यात मोठी मोडतोड ज्या पाच मिनिटांत झाली, त्या पाच मिनिटांचं वहीत लिहिण्यासारखं काहीच माझ्याजवळ नव्हतं.

तंत्रज्ञांना पुढचं सगळं माहीत असेल, पण परवाने देणाऱ्या अधिकाऱ्यांनी ते एकदा इंजिनच्या बाजूने पाहावं म्हणून लिहिते. डिझेलच्या धूर तपासणीत गाडी उभीच असते, गिअर न्यूट्रल असतो आणि ॲक्सिलरेटर झटकन तळापर्यंत दाबला जातो. चाकांवर भार नसल्यामुळे इंजिन फक्त स्वतःच्या फ्लायव्हीलच्या जडत्वाविरुद्ध जोर लावतं आणि क्षणात आयडलिंगवरून, म्हणजे पेडल न दाबता असलेल्या किमान वेगावरून, कमाल मर्यादेपर्यंत जातं. तेवढ्या क्षणापुरतं त्याला भरपूर डिझेल मिळतं आणि धूर मोजता येतो. आयडलिंग ८०० आरपीएम आणि मर्यादा ४,८०० धरली तर वेग सहापट होतो. पण पिस्टन, रॉड, व्हॉल्व्ह अशा सतत दिशा बदलणाऱ्या भागांवर जडत्वामुळे येणारं बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे छत्तीसपट. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, तरी ४,८०० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला चाळीस वेळा उघडतो आणि मिटतो. हे सगळं वेळेवर घडवून आणायचं काम एका रबरी पट्ट्याकडे असतं. काचेच्या धाग्यांनी बळकट केलेला तो पट्टा बऱ्याच इंजिनांत वॉटर पंपही फिरवतो, काहींत डिझेलचा हाय प्रेशर पंपही. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन जास्त लागतं म्हणून पिस्टन वर आला की हेडशी अगदी थोडी जागा उरते. पट्ट्याने दात सोडले की व्हॉल्व्हला मागे सरायला जागाच राहत नाही.

धडधाकट इंजिनला ही चाचणी सोसते, सोसायलाच हवी. चाचणी बंद करा असं मी म्हणत नाही. काळा धूर सोडणाऱ्या गाडीमागे मीही श्वास रोखून उभी राहिलेली आहे. काम हवेसाठी, सगळ्यांच्या फुप्फुसांसाठी चालतं हे मला मान्य आहे. पण इंजिन धडधाकट आहे की नाही हे न पाहताच त्याला कमाल मर्यादेपर्यंत ढकलणं हा चाचणीचा भाग नाही.

आणि हे मी मनाचं सांगत नाही. युरोपीय संघाच्या २०१४ च्या वाहन तपासणी निर्देशात, ज्याचा क्रमांक २०१४/४५ आहे, या चाचणीची पद्धत बारकाईने लिहिलेली आहे. इंजिन पूर्ण गरम असावं, उदाहरणार्थ डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीच्या) नळीतून मोजलेलं ऑइलचं तापमान किमान ८० अंश सेल्सिअस असावं. सुरक्षिततेसाठी इंजिन गरम आणि यांत्रिकदृष्ट्या समाधानकारक स्थितीत आहे का ते तपासावं. पेडल एका सेकंदाच्या आत, सलग, पूर्ण दाबावं, पण हिसका देऊन नाही. प्रत्येक रेसच्या आधी इंजिन आणि टर्बो आयडलिंगवर आलेले असावेत. सायलेन्सर साफ व्हायला किमान तीन रेस आणि मोजणीसाठी शेवटच्या किमान तीन रेसची सरासरी. मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची तरतूद वाटते ती वेगळीच: एखाद्या गाडीचे आकडे मर्यादेच्या खूपच खाली असतील तर तीनपेक्षा कमी रेसमध्येही तिला पास करण्याची मुभा सदस्य देशांना दिलेली आहे. विनाकारण रेस देऊ नये हे नियम करणाऱ्यांनाही कळत होतं.

ब्रिटनमधल्या एमओटी या सक्तीच्या वाहन तपासणीच्या नियमपुस्तकातही तपासनिसाने आधी काय पाहायचं हे सांगितलेलं आहे. ऑइलची पातळी, इंजिनचा वेगळा वाटणारा आवाज, टायमिंग बेल्टची अवस्था. त्यात काही खटकलं तर चाचणी घ्यायची नाही. आणि थेट पूर्ण रेस द्यायचीच नाही. आधी इंजिन हळूहळू निम्म्यापर्यंत न्यायचं, कान देऊन ऐकायचं, ठीक वाटलं तर हळूहळूच मर्यादेपर्यंत न्यायचं आणि मग चाचणीची रेस. माझ्या गाडीला ही हळूहळूची एक फेरीसुद्धा मिळाली नाही. त्या फेरीत दात सोलायला लागलेल्या बेल्टचा आवाज आला असता की नाही, देव जाणे. ऐकायला कुणी थांबलं असतं एवढं तरी म्हणता आलं असतं.

तेव्हा माझं मागणं असं आहे. रेस देण्याआधी बॉनेट उघडा आणि डिपस्टिक पाहा. मालकाला विचारा: टायमिंग बेल्ट आहे की चेन, बेल्ट कधी बदलला, इंजिनचा कुठला दिवा पेटतो का, ऑइल कमी होतं का. उत्तर ‘माहीत नाही’ असलं तर ‘माहीत नाही’ असंच लिहा. काही इंजिनांत बेल्ट ऑइलमध्येच बुडालेला असतो, बाहेरून दिसतच नाही. तिथे तर विचारण्याशिवाय मार्ग नाही. मग ऑइलचं तापमान मोजा. थंड असेल तर गाडी थोडी चालवून आणा किंवा मालकाला चालवून आणायला सांगा. रांगेत बंद ठेवायला लावलेल्या गाडीचं इंजिन गरम करून घेण्याची जबाबदारी रांग लावणाऱ्याचीही आहे. एवढं सगळं एका अर्ध्या पानावर येतं. त्याखाली तुमची सही आणि मालकाची सही. मी घड्याळ लावून पाहिलं, पाच मिनिटं पुरतात.

आणि चाचणी सुरू झाल्यावर प्रत्येक रेसची नोंद ठेवा. बहुतेक धूरमापकांना आरपीएम आणि ऑइलचं तापमान मोजणारी जोडणी देता येते. ती जोडलेली असेल तर कितवी रेस, किती आरपीएम, किती अंश, किती वाजता, हे सगळं आपोआप साठतं. अधिकारी महोदय, इथे तुमची गरज आहे. चाचणी अपूर्ण राहिली की आकडे पुसले जातात, ही व्यवस्थाच उलटी आहे. पूर्ण झालेल्या चाचणीवर सहसा कुणी भांडत नाही. भांडण होतं ते मध्येच थांबलेल्या चाचणीवर, आणि नेमकी तिचीच नोंद उरत नाही. सॉफ्टवेअरला मान्यता देताना एक अट घाला, की थांबलेल्या चाचणीचे आकडेही जतन व्हावेत आणि त्यांची प्रत मालकाच्या हातात मिळावी. याने केंद्रांचं नुकसान नाही. माझ्या गाडीच्या पावतीवर ‘ऑइल ८४ अंश, चौथी रेस, ४,६०० आरपीएम’ असं छापून आलं असतं तर मी मुकाट्याने घरी गेले असते आणि दोष बेल्टला दिला असता.

रेस देताना वेगळा आवाज आला किंवा इंजिन बंद पडलं, तर हात थांबवा. सेल मारू नका. मालकाला काचेपलीकडून आत बोलवा, वेळ लिहा, पॅनेलवर कुठले दिवे पेटले आहेत ते लिहा, फोटो काढा. एवढ्याने निम्मी भांडणं तिथेच मिटतील, आणि काही हेडसुद्धा वाचतील.

तपासणीआधी माझ्याकडून एका छापील कागदावर सही घेतली होती. ‘चाचणीदरम्यान वाहनास होणाऱ्या नुकसानीस केंद्र जबाबदार राहणार नाही.’ मी सही केली, कारण सही न करता तपासणी होत नाही आणि तपासणी न करता गाडी चालवता येत नाही. जिथे नाही म्हणायची सोयच नाही, तिथल्या सहीला संमती कसं म्हणायचं? नीट घेतलेल्या चाचणीतही एखादं जुनं इंजिन हात टेकू शकतं, तो धोका मालकाने घ्यायला हवा, हे मला पटतं. पण डिपस्टिक न पाहणं, थंड इंजिनला रेस देणं, बंद पडल्यावर तीनदा सेल मारणं यांची जबाबदारी त्या एका ओळीने पुसली जाऊ नये. त्या कागदावर केंद्राचीही एक ओळ असू द्या: आम्ही चाचणीआधी काय काय पाहिलं.

तंत्रज्ञांशी मला वेगळं बोलायचं आहे. तुम्हाला दिवसभर धुरात उभं राहावं लागतं, मागे हॉर्न वाजत असतात, आणि समोरचा प्रत्येक मालक ‘लवकर आटपा’ म्हणत असतो. त्या दिवशी माझ्या मागच्या गाडीवालाही तेच म्हणत होता आणि खरं सांगायचं तर मीही दोनदा घड्याळ पाहिलं होतं. ज्या मुलाने माझ्या गाडीला रेस दिली, त्याचा चेहरा मला आठवतो. गाडी बंद पडल्यावर तो उतरला, हातातली किल्ली तशीच धरून काही न बोलता उभा राहिला. त्याने मुद्दाम काही केलं असं मला एक क्षणही वाटलं नाही. त्याला जेवढं शिकवलं आणि जेवढा वेळ दिला, तेवढ्यात त्याने काम उरकलं. म्हणून माझी मागणी त्याच्या पगारातून काही कापा अशी नाही. ‘या इंजिनचा आवाज मला बरा वाटत नाही, मी रेस देणार नाही’ असं म्हणायचा अधिकार त्याला लेखी द्या, आणि तो वापरल्याबद्दल त्याला कुणी बोल लावणार नाही याची हमी द्या. रोज इतकी इंजिनं ऐकणाऱ्या माणसाचा कान हे तुमच्या केंद्रातलं सगळ्यात चांगलं उपकरण आहे. त्याला ऐकायला वेळ द्या.

हाच न्याय दुसऱ्या चाचण्यांनाही लावायला हवा. चारही चाकांना कायम ताकद देणाऱ्या काही गाड्यांचा एकच ॲक्सल ब्रेक टेस्टरच्या रोलरवर फिरवला तर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा ट्रान्सफर बॉक्स किंवा व्हिस्कस कपलिंग खराब होऊ शकतं. अशा गाड्यांची ब्रेक तपासणी दुसऱ्या पद्धतीने करावी लागते, आणि ते गाडी रोलरवर चढवण्याआधी विचारलं तरच कळतं. तापमान मोजायला काढलेली डिपस्टिक परत नीट बसवली का, ऑइलचं झाकण लागलं का, ही तर दोन सेकंदांची कामं आहेत. अर्ध्या पानाच्या त्या कागदावर त्यांच्यासाठीही एक एक चौकट ठेवता येईल.

काही ठिकाणी तर रेस देण्याची गरजच कमी होत चालली आहे. बेल्जियममध्ये २०२२ पासून, नेदरलँड्स आणि जर्मनीत २०२३ पासून पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) असलेल्या डिझेल गाड्यांसाठी धुरातल्या कणांची संख्या मोजणारी चाचणी सुरू झाली. ती इंजिन आयडलिंगवर ठेवून होते. फिल्टर फुटलेला किंवा काढून टाकलेला असेल तर तो तिथेच पकडला जातो. जुन्या धूरमापकाला तो बऱ्याचदा कळतही नाही. माझी गाडी त्या पिढीची नाही, तिला फिल्टर नाही, त्यामुळे तिला रेसची चाचणी चुकणार नाही. पण ज्या गाड्यांना चुकवता येईल त्यांची तरी चुकवा.

माझ्यासारख्या मालकांनाही दोन शब्द. बेल्टची वर्षं मोजा, फक्त किलोमीटर मोजू नका; मी हीच चूक केली. गाडी जुनी घेतली असेल आणि बेल्टचा इतिहास माहीत नसेल तर तपासणीला नेण्याआधी कव्हर उघडून बघायला सांगा. तंत्रज्ञाने विचारलं तर खरं सांगा, गाडी नापास होईल या भीतीने ‘हो हो, बदललाय’ म्हणू नका. ऑइल पातळीच्या खाली असताना गाडी तपासणीला नेऊन मग केंद्राला दोष देणारेही असतात, आणि त्यांच्यामुळे आम्हा बाकीच्यांवर कुणाचा विश्वास बसत नाही. लेखी नोंद झाली तर ती त्यांनाही उघडं पाडेल. पाडू दे.

माझी गाडी आता चालते. हेड नव्याने बांधलं, व्हॉल्व्ह, रॉकर, बेल्ट, टेन्शनर, पंप सगळं बदललं. खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळपास निम्मा झाला. केंद्राकडे मी लेखी तक्रार केली, तिला उत्तर आलं, आणि त्या उत्तरात पुन्हा तेच होतं की बिघाड वाहनातला आहे. मी पुढे भांडू शकले नाही, कारण माझ्या बाजूने दाखवायला बेल्टचे चौदा सोललेले दात आणि माझी मोजणी एवढंच होतं. अर्धवट मोजणीवर कुणावर आरोप ठेवणं मला जमलं नाही.

बाबांच्या वहीत मी नवीन नोंद केली आहे. लाल शाईत, त्यांच्यासारखीच: बेल्ट कधी बदलला, किती किलोमीटरला, कुठल्या कुठल्या वस्तू टाकल्या. त्याच्यावरच्या ओळीत ‘बेल्ट गेला’ असं लिहून पुढे आरपीएम, तापमान आणि कितवी रेस यांसाठी जागा रिकामी सोडली आहे. ती आता भरता येणार नाही.

पुढच्या तपासणीची तारीख जवळ आली आहे. त्या दिवशी मी वही घेऊन येईन. तुमच्या तंत्रज्ञाने रेस देण्याआधी ती दोन मिनिटं चाळावी, बॉनेट उघडून डिपस्टिक पाहावी, आणि त्याने पाहिलेली ऑइलची पातळी व तापमान स्वतःच्या हाताने वहीच्या पुढच्या ओळीत लिहून खाली सही करावी. पेन माझ्याकडे असेल.

आपली,
एक वाहनमालक